चायनाचा मासा, पुण्याची मालन

मालन, तुझा मासा माझ्या दुकानात आहे. बांगड्यांच्या फळीवर, लाल आणि हिरव्या डझनांच्या मधोमध, जिथं आधी मी आरसा ठेवत होते तिथं. त्याच्यापुढं पुठ्ठ्याची एक पाटी उभी केली आहे आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, 'चीनमध्ये हातानं केलेला काचेचा मासा'. तू असतीस तर आधी पाटी पालथी घातली असतीस आणि मग पदर खोचून माझ्यासमोर उभी राहिली असतीस. "तारे, डोकं फिरलं का वो तुह्यं? चायना लिवल्यावर कोन हात लावन त्याले?"

कोणीतरी लावेल. मी इथंच बसले आहे.

आपलं भांडण अर्धवट राहिलं, हे मला काही केल्या सोसत नाही. गडचिरोलीच्या दवाखान्यातून फोनवर बोलताना तू मध्येच थांबलीस आणि म्हणालीस, "आता दम लागून राह्यला. घरी आली का भांडू." मी म्हटलं, बरं. इकडं मी मुद्दे जमवत बसले. इथं वडशाला तुला आणलं, तेव्हा भांडायला तू उरली नव्हतीस. पुण्यानुमोदनाला विहारात सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. तुझा आवाज, तुझं गाणं, तुझा स्वभाव. स्वभावाबद्दल बोलताना मी खाली मान घालून हसले, देव मला क्षमा करो. तुझ्याशी भांडायला मात्र तिथं कोणी उठलं नाही. मला उठावंसं वाटत होतं. तिथं जमलं नाही म्हणून इथं लिहिते. माझी शाळा किती झाली ते तुला ठाऊक आहे. बांगड्या गुंडाळायला जी रद्दी यायची ती वाचून वाचून मी शिकले, त्यामुळं माझ्या लिहिण्यात बातमी आणि जाहिरात मध्येच घुसते. सांभाळून घे.

तू पहिल्यांदा दुकानात आलीस तेव्हा नाटक कंपनीची गाडी बाहेर घरघरत उभी होती. दिवाळीनंतरचे दिवस, कंपन्या गावोगावच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, निघायच्या, आणि सगळ्या नट्या माझ्याकडून प्लास्टिकच्या बांगड्या न्यायच्या. फुटायची भीती नाही, सामानात कशाही टाका. तू प्लास्टिकला हातही लावला नाहीस. म्हणालीस, "काचेच्या द्या. माईकले आवाज पाह्यजे." मी म्हटलं, नाटकात हात आपटशील, फुटतील, लागेल. तर म्हणालीस, "लागू द्या बाई. रडतानी हात हालला का मागच्या मानसालेही समजलं पाह्यजे, रानी रडून राह्यली म्हनून." तेव्हाच मला कळलं की या बाईला काचेतलं समजतं. मी आयुष्यभर काच विकली रंगावर आणि मापावर. ती ऐकायची असते हे तू शिकवलंस.

मग तुझे गुडघे गेले, कंपनी सुटली, आणि तू रोज दुपारी दुकानात येऊन बसायला लागलीस. प्रज्ञानं, तुझ्या लेकीनं, तुला मोठा फोन घेऊन दिला होता, तिच्याशी बोलता यावं म्हणून. तू त्याच्यावर खरेदी शिकलीस. आणि एक दिवस तो खोका आला. आत कागद, कागदाच्या आत फुगे-फुगे असलेलं प्लास्टिक, आणि त्याच्या आत हा मासा. निळ्या पोटाचा, पळसाच्या फुलासारख्या केशरी परांचा, आणि वरून पाण्यासारख्या नितळ काचेचा जाड थर. पोटात सोनेरी चुरा. एक बुडबुडा शेपटीजवळ अडकून राहिलेला, जणू श्वास सोडायचा राहून गेला. विकणाऱ्यानं लिहिलं होतं, इटलीतल्या मुरानो बेटावरचा अस्सल पुरातन मासा. काचेसाठी ते बेट जगात नावाजलेलं, हेही त्यानंच लिहिलं होतं. तू मला मासा पालथा करून पाहायला सांगितलंस. बुडाशी नळीवरून काच तोडल्याची खूण होती, घासून गुळगुळीत केलेली. कडेला साच्याची रेघ कुठंच नव्हती. आपण दोघींनी निकाल देऊन टाकला. हातची आहे, म्हणजे इटलीचीच आहे!

आता हसू येतं. आपलं शास्त्र तेवढंच होतं. बाजारात चायना म्हटलं की दिवाळीच्या माळा, एका दिवसात बंद पडणारी खेळणी, आणि माझ्या दुकानातल्या त्या प्लास्टिकच्या बांगड्या. मशिनीतून निघालं ते चायना, हातातून निघालं ते कुठल्यातरी थोर देशाचं. जन्मभर काच हाताळणारी बाई आणि जन्मभर काच वाजवणारी बाई, दोघींना एवढं सुचलं नाही की तिकडंही माणसांना हात असतात.

ते सुचवलं तुझ्या फोननंच. माशाचा फोटो टाकून तू दुसरा मासा शोधत होतीस, जोडी करायची म्हणून. आणि एकामागून एक तोच मासा यायला लागला. एका दुकानात तो साठ वर्षांचा होता, दुसऱ्यात शंभर वर्षांचा. तिसऱ्यानं त्याला कुठल्याशा महालातून आणलं होतं. चौथ्यानं 'मुरानो' मोठ्या अक्षरात आणि 'पद्धतीचा' बारीक अक्षरात लिहिलं होतं. पर तेच, पोट तेच, डोळ्यातला काळा ठिपका तसाच किंचित तिरपा. तू तुझ्या नाटकातल्या आवाजात ती वर्णनं वाचून दाखवायचीस. "ऐका हो ऐका, रसिक मायबाप! शंभर वर्सांचा म्हातारा मासा, अंगाले प्लास्टिकचा ताजा वास!" गिऱ्हाइकं बांगड्या भरायची सोडून तुझ्याकडं पाहत राहायची. आणि शेवटी सापडलं चीनमधलं एक ठोक विक्रीचं दुकान. तिथं तोच मासा खोक्यानं मिळत होता, आणि तिथं त्याचं वय कोणी सांगत नव्हतं. नवा होता, म्हणून नवा लिहिला होता.

सगळेच विकणारे लबाड असतील असं मी म्हणत नाही. एकानं खोटं लिहिलं, दुसऱ्यानं उतरवून घेतलं, तिसऱ्याला तेच खरं वाटलं. नाव असंच चिकटतं. पुढं ते काढायला गेलं की त्याच्यासोबत सालही निघतं.

तुला राग येईल असं मला वाटलं होतं. राग नाही आला. तू तिकडच्या कारखान्यांचे व्हिडिओ पाहायला लागलीस. तुला तो आठवतोय ना? भट्टीच्या उजेडात एक माणूस नळी फिरवतो आहे, तिच्या टोकाला मधासारखा लाल गोळा. त्याच्यासमोर एक बाई बसली आहे, आपल्याच वयाची म्हण, हातात लांब चिमटा. माणूस गोळा तिच्यासमोर धरतो आणि ती चिमट्यानं पर ओढते. एक चिमटा, थोडं ओढलं, पुन्हा चिमटा. तू एकदम म्हणालीस, "तारे, हे तं करंजीले मुरड घालून राह्यली वो!" खरंच तसंच होतं. शेवटच्या चिमट्याला ती हात थोडा वर उचलायची आणि पर वळायचा. मी आपला मासा हातात घेतला. शेवटच्या चिमट्याशी त्याचाही पर वर वळलेला. तीच बाई असेल असं कोण सांगणार. तिच्यासारख्या कितीतरी असतील. पण त्या दिवसापासून मला मासा निराळा दिसायला लागला. आधी मी त्याच्यात इटली शोधत होते आणि इटली मी पाहिलेली नाही. आता मला त्याच्यात हात दिसला, आणि हात मला ओळखू येतो. निळ्यावर नितळ थर चढवताना कुठंही डाग नाही, केशरी निळ्यात सांडलेला नाही, आणि एवढं करून तो बुडबुडा राहू दिला. चार वाजताचं ऊन तुझ्या खिडकीतून आलं की त्याचा उजेड भिंतीवर वैनगंगेच्या पाण्यासारखा हलायचा. हे कोणी केलं? ज्यानं केलं त्याचं किंवा तिचं नाव कुठंच नाही. निदान देश तरी खरा लिहा.

इथंच आपलं वाजलं. मी म्हटलं, सगळ्यांना सांगायचं, हा चीनचा आहे. तू म्हणालीस, "काऊन सांगाचं? मुरानो म्हटलं म्हनून तं पाह्यलं ना आपन? चायना म्हटलं असतं तं मी बोट पुढं सरकवलं असतं."

ते खरं होतं. मग मी तुझ्या नाटकाचं जुनं पोस्टर भांडणात काढलं. काढायला नको होतं असं मला अजूनही वाटत नाही. नदीपलीकडच्या कोसंबीची मालन. आणि पोस्टरवर काय? 'पुण्याची सिनेतारका मीनाक्षी, प्रथमच झाडीपट्टीत!' तू पुणं तेव्हा पाहिलंही नव्हतंस. कंपनीची रीतच तशी, बाहेरचं नाव लावलं की मैदान भरतं. कोसंबीच्याच मंडईत तुझं नाटक लागलं तेव्हाची गोष्ट तूच मला सांगितली होतीस. तुझी आई पुढं भाताच्या तणशीवर बसलेली. माईकवर पुकारलं, खास पुण्याहून आलेल्या. तू आत आलीस. शेजारीण तिला म्हणाली, "अवो, हे तं आपली मालन आहे." आणि तुझी आई म्हणाली, "चूप वो. पुण्याची आहे म्हनते ते." तू हे हसून सांगायचीस, आणि प्रत्येक वेळी सांगून झालं की उठून पाणी प्यायचीस.

मी म्हटलं, "टाळ्या कोनाले पडल्या मालन? मीनाक्षीले."

तू म्हणालीस, "पडल्या तं माह्या कानात ना."

एवढं चपखल उत्तर मला आयुष्यात कोणी दिलं नाही. मी अजून त्याच्यावर विचार करते आहे. तुझं खरं असेलही. नाव कोणाचंही असो, गळा तुझा होता, घाम तुझा होता. पण मग प्रत्येक वेळी पाणी प्यायला काऊन उठत होतीस वो?

तू गेलीस आणि प्रज्ञा घर आवरायला आली. ती गडचिरोलीला शाळेत शिकवते, तिथली तिची खोली केवढीशी, पोरं मोठी होत चाललेली. माशापाठोपाठ तू तशाच दुकानांतून मागवलेली सगळी काच तिनं माझ्या दुकानात आणली आणि फोटो काढून फोनवर विकायला टाकली. मासा, दोन फुलदाण्या, तो हिरवा मोर, आणि हजार फुलांचा तो गोळा, ज्याला तू कागदावर ठेवायचा दगड म्हणायचीस. खाली तिनं तुझ्या जुन्या पार्सलांवरचं वर्णन उतरवून टाकलं. अस्सल, पुरातन, मुरानो. मी काही बोलायच्या आत नागपूरच्या एका बाईंचा फोन आला. त्यांना मासा हवा होता. मुरानोचाच आहे ना, त्यांनी विचारलं. प्रज्ञानं फोन माझ्या तोंडाशी धरला. "मावशी, तू सांग. तुले काचेतलं समजते."

मी सांगितलं. "बाई, हा चायनाचा आहे. नवा आहे. हातानं केलेला आहे, आणि लय सुंदर आहे."

फोन बंद झाला.

प्रज्ञा ओरडली नाही. तिला तुझ्यासारखं ओरडता येत नाही, तेच वाईट आहे. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मावशी, मले पैशाचं नाई. कोनाच्या तरी घरी कपाटात नीट राह्यलं असतं आईचं. आता चायनाचं म्हटल्यावर कोन ठेवते? भंगारात जाईन. आईचं सगळं भंगारात जाईन." आणि मग हळूच, "आईनं दवाखान्यात मले सांगितलं होतं, मुरानो म्हनूनच दे म्हनून."

म्हणजे तू शेवटपर्यंत डाव सोडला नाहीस. मी तिच्यासमोर रडले, पण हटले नाही. म्हटलं, पोरी, खोट्या नावानं ते कपाटात गेलं तर कपाटवाली बाई रोज इटलीकडं पाहील. मला त्या चिमट्याच्या खुणेकडं पाहणारं कोणी हवं आहे. मी माझ्या फळीवर मांडते. मागं दिवा लावते. आणि पाटी लिहिते. प्रज्ञा म्हणाली, "तू अन् आई सारख्याच." हे तिनं कौतुकानं म्हटलं नव्हतं.

काच फळीवर होती, पाटी होती, गिऱ्हाइकं बघायची. "चायनाचं? एवढं साजरं?" म्हणायची आणि बांगड्या भरून निघून जायची. प्रज्ञा दर रविवारी येऊन बघायची आणि तुझ्या स्टुलावर बसायची. 

आणि या रविवारी दौलतभाऊ आला, तुझ्या जुन्या कंपनीचा मालक. हंगाम तोंडावर आला, नट्यांसाठी बांगड्या हव्या होत्या. प्लास्टिकच्या. तुझ्या नावानं त्यानं डोळे पुसले, खरे पुसले, मी पाहिलं. मग फोनवर फलकाचं चित्र दाखवलं. पहिल्या नाटकाच्या आधी माईकवरून तुला श्रद्धांजली द्यायची, पडद्यावर तुझा फोटो लावायचा. फोटो छान होता, राणीचा. खाली लिहिलं होतं, 'पुण्याच्या सुप्रसिद्ध अभिनेत्री मीनाक्षी यांना भावपूर्ण श्रद्धांजली'.

मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी प्रज्ञा बोलली.

"दौलतभाऊ, माही आई पुन्याची नव्हती."

"ते मले मालूम नाई का वो बाई?" तो म्हणाला. "पन लोकं तिले मीनाक्षी म्हनूनच ओळखतेत. कोसंबीची मालन म्हटलं तं इचारतीन, हे कोन?"

"इचारू द्या," प्रज्ञा म्हणाली. "इचारलं का सांगा ना त्याईले."

दौलतभाऊनं माझ्याकडं पाहिलं. मी बांगड्या मोजण्याचं सोंग केलं. मला ठाऊक होतं, आता मी बोलले तर ते माझं भांडण होईल, आणि हे तिचं होतं. तो म्हणाला, "मैदान थंड पडन वो पोरी. पहिलाच प्रयोग आहे."

प्रज्ञा उठली. तुझा मासा तिनं फळीवरून उचलला, पाटीसकट, आणि त्याच्यासमोर धरला. "हे पाहा. कसा आहे?"

"साजरा आहे," तो म्हणाला.

"चायनाचा आहे."

त्यानं पाटी वाचली. मासा हातात घेतला, वजन पाहिलं, उजेडाकडं धरला. नाटकवाला माणूस, उजेड त्याला कळतो. बराच वेळ तो त्या केशरी पराकडं पाहत राहिला, आणि भिंतीवर ते पाणी हललं. मग म्हणाला, "बरं. कोसंबी लिवतो. पन मीनाक्षी बी ठेवतो, बारीक अक्षरात." प्रज्ञा हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. बारीक अक्षरांचं आपलं जुनं प्रकरण तिला माहीत होतं तर. तू सांगितलं असशील.

तो गेल्यावर तिनं फोन काढला आणि माझ्या शेजारी बसून सगळी वर्णनं बदलली. मुरानो पुसलं. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. चीनमध्ये हातानं केलेलं. नवं. कारागिराचं नाव माहीत नाही. निळ्यावर नितळ थर, परांना चिमट्यानं घातलेली मुरड, शेपटीजवळ एक बुडबुडा. "बुडबुडा लिवू का? लोकं खोट समजतीन," ती म्हणाली. मी म्हटलं, लिव. तोच तर त्याचा श्वास आहे. आणि सगळ्यात शेवटी तिनं आपल्या मनानं एक ओळ घातली, मला न विचारता. 'ही काच कोसंबीच्या मालनबाईंची होती.'

अजून कोणाचा फोन आलेला नाही. येईपर्यंत काच माझ्या फळीवर राहील, आणि भंगारवाल्यानं दुकानाच्या पायरीवर पाय ठेवून पाहावा.

मालन, मी जिंकले असं मी म्हणणार नाही. तुझं ते उत्तर अजून माझ्यापुढं उभं आहे, आणि दौलतभाऊ म्हणतो तसं मैदान थंड पडूही शकतं. पहिल्या प्रयोगाला मी जाणार आहे. पुढं तणशीवर बसेन, तुझी आई बसायची तशी. माईकवर पुकारतील, कोसंबीच्या मालन. तेव्हा मी कान देऊन ऐकेन, टाळ्या कोणाला पडतात ते. पडल्या तर तुझ्या कानात जातीलच, तसं तू म्हणालीच होतीस. आणि लोकांनी नुसतं एकमेकांकडं पाहिलं, ही कोण म्हणून, तर मी एकटी वाजवेन. दोन्ही हात कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या भरून जाणार आहे. माईकला आवाज पाहिजे.